दीड इंच माया

मराठी बोलण्यात लुगडे आणि चोळी हे शब्द जोडीने येतात, ओटी भरतानाही साडीवर खण ठेवला जातो, आणि तरीही या दोन वस्त्रांचे अंगाशी असलेले नाते मुळातच वेगळे आहे. लुगड्याला नेसणारीचे माप नसते. नऊ वारांचे तेच इरकल सासू नेसते, सून नेसते, आणि दोघींच्या अंगावर ते नीट बसते, कारण त्याचे माप कापडात नसून नेसण्यात, निऱ्यांत आणि ओच्यात असते. चोळीचे तसे नाही. ती एकीच्याच अंगासाठी बेतली जाते आणि कातर एकदा फिरली की ते कापड पुन्हा खण होत नाही. आईचे लुगडे लेक हौसेने नेसते, पण त्यावरची चोळी तिला उसवून घेतल्याशिवाय चढत नाही. स्त्रीच्या पारंपरिक वेशातले हे एकच वस्त्र असे, की ज्याला आपल्या मालकिणीचे अंग ठाऊक असावे लागते. हे अंग कापडाला कसे कळते आणि कळता कळता कुठे हुकते, याचा विचार मात्र शिवणवर्गाच्या भिंतींबाहेर फारसा झालेला नाही.

या वस्त्राची नावे पाहिली तरी त्याचा प्रवास दिसतो. पैठणच्या सातवाहन राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत कंचुकाचे उल्लेख येतात, कंचुकीशी नाते सांगणारी काचोळी मराठीत राहिली, आणि जळकोट, उदगीर, मुखेड या पट्ट्यात वयस्क बायका आजही ज्याला झंपर म्हणतात तो शब्द इंग्रजी जंपरचा आहे. त्यांच्या नाती त्याच कपड्याला ब्लाऊज म्हणतात. नाव बदलले तेव्हा केवळ बोलण्याची तऱ्हा बदलली नाही, कापण्याची रीतही बदलली. जुनी चोळी मुख्यतः सरळ कापलेल्या तुकड्यांची असे. खणाचा पन्हा मोजका, म्हणून कापड वाया न घालवता चौकोनी आणि तिकोनी तुकडे जोडून तिला गोलाई आणली जाई आणि पुढे दोन टोकांची गाठ मारली जाई. ही गाठ फार उदार होती. बाळंतपणानंतर अंग भरले तर ती सैल बसे, आजारपणात वाळले तर आवळली जाई, आणि अर्ध्या इंचाची चूक तिच्यात निमूट जिरून जाई. ब्लाऊजला पुढे हुक आले, मुंढ्याला, म्हणजे बाही जिथे जोडली जाते त्या वर्तुळाला, गोल काप आला, आणि ती उदारता संपली. हुक लागतो किंवा लागत नाही. म्हणून ब्लाऊजला मापाची जेवढी गरज आहे तेवढी चोळीला कधीच नव्हती.

जळकोट हा लातूर जिल्ह्याच्या दहा तालुक्यांपैकी एक, बालाघाटाच्या डोंगररांगांतला आणि नांदेडच्या मुखेड-कंधारला खेटलेला. अशा तालुक्याच्या गावी लग्नसराईच्या तोंडावर ‘लेडीज टेलर्स, पिको-फॉल’ अशी पाटी असलेल्या दुकानात जी पिशवी येते तिच्यात बहुधा दोन वस्तू असतात: साडीतून कापून काढलेले ऐंशी सेंटिमीटरांचे ब्लाऊजपीस आणि एक जुना, चांगला बसणारा ब्लाऊज. या दुसऱ्या वस्तूला सगळीकडे ‘मापाचा ब्लाऊज’ म्हणतात. शिवणारा पुरुष असेल तर त्याच्यासमोर उभे राहून अंगाचे माप देणे बाईला अवघड वाटे, म्हणून ही युक्ती रूढ झाली आणि आता शिवणाऱ्या बहुतांशी बायका असूनही ती टिकून आहे. माप देणारीला स्वतः यावेही लागत नाही. पिशवी घेऊन लेकरू आले तरी काम होते. लाजेतून निघालेली ही वाट सोयीची आहे यात शंका नाही, आणि तिची थट्टा करण्यासारखे तिच्यात काही नाही. पण तिने एक नुकसान केले आहे.

मापाचा ब्लाऊज हा अंगाचा साक्षीदार आहे खरा, पण त्याची साक्ष अपुरी असते. तो टेबलावर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत टेप लावली की रुंदी कळते, उंची कळते, गळ्याची खोली कळते. पण दोन वर्षांच्या धुण्याने त्याचे कापड किती ताणले किंवा आटले, काखेतली शिवण कधी आणि किती उसवली, तो घातल्यावर कुठे ओढ बसते, हे टेबलावर कळत नाही. शिवाय तो ज्या दिवशी शिवला त्या दिवशीच्या अंगाचा आहे. त्याच्यावरून नवा बेतला, पुढे त्या नव्यावरून आणखी नवा, असे होत गेले की पहिल्या शिंप्याच्या हातून खांद्यात झालेली पाव इंचाची चूक वंशपरंपरेने उतरत राहते, आणि बाईला वाटते की आपलाच खांदा उतरता आहे. शिवणारीच्या कानावर रोज येणाऱ्या तक्रारी अशाच असतात: ‘काखंत धरायलंय’, ‘गळा उघडा पडायलाय’, ‘पाठीवर फुगायलंय’. या वाक्यांत कपड्याचा दोष सांगितलेला असतो. सांगणारीच्या चेहऱ्यावर मात्र स्वतःच्या अंगाविषयीचा संकोच असतो. कपड्याच्या चुकीचा भार बाईच्या मनावर पडावा, ही या साऱ्या व्यवहारातली सर्वांत दुःखद गोष्ट आहे.

यावरचा उपाय जुना आहे आणि महागडा मुळीच नाही. अंगावरून थेट माप घेऊन, त्या एकाच व्यक्तीसाठी, जाड कागदावर पुढचा भाग, पाठ आणि बाही यांचा मूळ आराखडा काढायचा, तो साध्या कापडावर शिवून अंगावर पारखायचा, चुका कागदावर दुरुस्त करायच्या आणि मग तो कागद जपून ठेवायचा. अशा कागदाला कारागीर फर्मा म्हणतात. टेप प्रचारात येण्यापूर्वी युरोपातले दर्जी गिऱ्हाइकागणिक कागदाची एक लांब पट्टी ठेवत आणि तिच्यावर छाती, कंबर, बाही यांच्या खाचा पाडत. ती पट्टी त्या एकाच माणसाची असे. पुढे १८६३च्या सुमारास अमेरिकेत एबनेझर बटरिक या शिंप्याने ठरावीक आकारांचे छापील कागदी फर्मे विकायला सुरुवात केली आणि घरोघरच्या शिवणाऱ्यांची मोठी सोय झाली, पण त्या कागदावर कुणा एकीचे नाव उरले नाही.

दुकानात वेळ वाचवण्यासाठी वापरतात ते सूत्र सोपे आहे. छातीच्या मापाचा चौथा भाग घ्यायचा, त्यात श्वासापुरती ढिलाई आणि शिवणीची माया मिळवायची; ३६ छातीला नऊ इंच, त्यावर अर्धा इंच ढिलाई, दीड इंच माया, म्हणजे अकरा इंचांवर खूण. हे सूत्र गृहीत धरते की अंग पुढून जेवढे तेवढेच पाठीमागून आहे. आता दोन बायका घ्याव्यात, दोघींची छाती टेपवर ३६च. एकीची पाठ रुंद आहे, काखेखालच्या उभ्या रेषांमध्ये तिचे पुढचे माप १८ आणि मागचेही १८ भरते. दुसरी पाठीने अरुंद पण पुढून भरलेली, तिचे पुढचे २० आणि मागचे १६. सूत्राचा ब्लाऊज पहिलीला बसेल. दुसरीच्या अंगावर तोच ब्लाऊज पुढे ओढला जाईल, बगलेची शिवण काखेखाली उभी न राहता पुढे सरकेल, पाठीला चुण्या पडतील, आणि दोघींच्या नावापुढे वहीत मात्र एकच आकडा असेल. म्हणून फर्मा काढणारीने छातीबरोबरच काखेच्या वर घेतलेले वरच्या छातीचे माप, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतची उंची आणि दोन टोकांमधले अंतर ही मापे घ्यावी लागतात. वरच्या छातीचे माप हाडांचा सांगाडा सांगते. छातीच्या पूर्ण मापाशी त्याचा जो फरक, तो टकात जातो.

टक म्हणजे एका बिंदूकडे निमुळती होत जाणारी, आतून शिवलेली घडी. कापड सपाट असते आणि अंग गोल. सपाट कागदाच्या गोल तुकड्यातून पाचर कापून कडा जोडल्या की शेंगदाण्याच्या पुड्यासारखा शंकू होतो, तेच टक करतो. पाचर जेवढी रुंद तेवढा शंकू उंच. या पाचरीचा एक विलक्षण गुण असा, की तिचे टोक जागेवर ठेवून तिला फिरवता येते: ती कमरेत घ्यावी, बगलेत घ्यावी, मुंढ्यात घ्यावी, दोन-तीन ठिकाणी वाटावी, पण तिचा एकूण कोन घटत नाही. साधा टकांचा ब्लाऊज, वाटीसारखे स्वतंत्र तुकडे जोडलेला कटोरी ब्लाऊज आणि मुंढ्यापासून कमरेपर्यंत उभी शिवण घेणारा प्रिन्सेस कट, हे तिन्ही दिसायला वेगळे. कागदावर मात्र ती एकच पाचर निरनिराळ्या जागी ठेवलेली असते. ज्या मुलीला हे एकदा उमजते तिला नवा नमुना पाहून घाबरावे लागत नाही. टकाचे टोक नेमक्या छातीच्या टोकावर न आणता पाऊण-एक इंच अलीकडे संपवतात, नाहीतर तिथे कापड चोचीसारखे टोकदार उभे राहते.

खरी परीक्षा मात्र मुंढ्यात होते, आणि तिथेच सर्वांत जास्त चुका होतात, कारण तिथे जे खरे आहे ते सहज पटण्यासारखे नाही. ‘हात वर केला की झंपर वर चढतंय’ ही तक्रार आली की शिवणारी मुंढा आणखी खोल कापते. तिला वाटते, जागा वाढली की हात मोकळा होईल. होते उलट. हात वळतो खांद्याच्या सांध्यावर, आणि मुंढ्याचा तळ त्या सांध्यापासून जितका खाली जाईल तितकी बाहीची आतली बाजू आखूड होते. मग हात उचलताना बाहीला वर जायला स्वतःचे कापड पुरत नाही आणि ती सबंध ब्लाऊज आपल्यासोबत ओढून नेते. मुंढा काखेच्या खाली साधारण एक बोट ठेवून वर घेतला तर तोच हात मोकळा फिरतो आणि कमरेची कड जागची हलत नाही. बाहीच्या माथ्याचेही असेच आहे. माथा उंच काढला तर हात खाली सोडून उभ्या असलेल्या बाईची बाही एकही सुरकुती न पडता बसते, पण हात उचलला की दंडात रुतते; माथा उतरता ठेवला तर काखेत दोन चुण्या पडतात आणि हात वर जातो. यांतले काय निवडायचे हे कपड्याने ठरवायचे नसते. लग्नात हार घालण्यापुरते हात उचलणारीचा ब्लाऊज निराळा आणि सोयाबीन काढताना दिवसभर वाकून, दोन्ही हात पुढे करून विळा चालवणारीचा निराळा. या दुसरीच्या पाठीचे माप हात पुढे घ्यायला लावूनच घ्यावे लागते, कारण तिची पाठ दिवसातला बराच वेळ तशीच असते. शिवणवर्गात पाठीची रुंदी ताठ उभे करून घ्यायला शिकवतात. हे माप उभ्या बाईचे आहे, काम करणाऱ्या बाईचे नाही, एवढे तरी सोबत शिकवले जावे.

फर्म्याची पारख मांजरपाटासारख्या स्वस्त, न ताणणाऱ्या सुती कापडावर करतात. कच्च्या टाक्यांनी शिवलेले ते कापड अंगावर चढवले की सुरकुत्या बोलू लागतात. छातीच्या टोकाकडून चहूकडे किरणांसारख्या ओढी दिसल्या तर तिथे कापड कमी आहे. पाठीवर कमरेच्या वर आडवी वळी पडली तर पाठ लांब झाली आहे. गळ्यापासून काखेकडे तिरपी चुणी उतरली तर खांद्याचा उतार चुकला आहे. जिथे कापड जास्त तिथे ते टाचणीने दुमडायचे, जिथे कमी तिथे कापून खालून चिंधी जोडायची, आणि तो बदल तसाच्या तसा कागदावर न्यायचा. इथे बहुतेकींना पहिल्यांदा कळते की आपले दोन खांदे सारखे नाहीत. कुणाचेच नसतात. २०१६च्या एप्रिलमध्ये ज्या जिल्ह्याच्या गावाला, लातूरला, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात कळशी आणि लेकरू एकाच कडेवर वागवत आलेल्या बाईच्या फर्म्याला डावी आणि उजवी बाजू वेगळी काढावी लागली, तर त्यात नवल नाही आणि लपवण्यासारखेही काही नाही. बसवून पाहिल्याशिवाय हा फरक टेपवर उमटत नाही आणि मापाच्या ब्लाऊजवर तर नाहीच नाही.

याच प्रदेशात मापाचे अगदी दुसरे टोकही पाहायला मिळते. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते आणि त्यासाठीची खादी जळकोटच्या शेजारच्या उदगीरला विणली जाते. ध्वजाचे मानक १९५१ साली ठरले. त्याचे नऊ आकार नेमून दिलेले आहेत, लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ असेच राहते, आणि सूत, वीण, रंग, शिवण यांत मानकाबाहेरची तफावत खपवून घेतली जात नाही. हे योग्यच आहे. ध्वज कुणा एकाचा नसतो. पण मानकाची हीच शिस्त माणसाच्या अंगाला लावता येते, असा जो समज तयार कपड्यांच्या बाजाराबरोबर पसरला, तो तपासून पाहायला हवा. अमेरिकेच्या शेती खात्याने १९३९-४० साली सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापे घेऊन आकारांची बैठक ठरवण्याचा प्रयत्न केला. भारतात राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतलेल्या ‘इंडिया साइज’ या प्रकल्पात मुंबई, दिल्ली, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता आणि शिलाँग या सहा शहरांत मिळून पंचवीस हजार जणांची मापे घेण्याचे ठरले. काम आवश्यक आहे, कारण परक्या अंगांवरून ठरलेले आकार इथल्या मुली वर्षानुवर्षे वापरत आल्या आहेत. तरीही त्यातून जे निघेल ते सरासरीच असेल, आणि ३६च्या दोन बायकांमधला तो पुढचा-मागचा फरक सरासरीत दिसत नाही.

एकेकाचे माप जाणणारा शिंपी मराठी गावगाड्यात अलुतेदारांमध्ये मोजला जाई. नरसी हे ज्यांचे जन्मगाव मानले जाते ते संत नामदेव याच व्यवसायाच्या घरातले. शीख धर्मग्रंथात त्यांची ६१ पदे आहेत, त्यांतल्या एका पदात कापड मोजायचा गज आणि कातर ही भक्तीची रूपके होऊन येतात, आणि तो ग्रंथ नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिबमध्ये रोज वाचला जातो. माप आणि काप ही कामे आत्मज्ञानाला जोडण्याइतकी मोलाची वाटलेला एक कारागीर या मातीत होऊन गेला, हे शिवणाऱ्या मुलींना कुणी सांगायला हवे. पुढे यंत्र आले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केले, कारण हाताने शिवत बसलेल्या बायकोचे कष्ट पाहून ते घडवले गेले, असे त्यांना वाटत होते. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण हे स्त्रीच्या स्वावलंबनाचे साधन मानले, आणि आज तालुक्याच्या गावीही पायाने चालवायची किंवा मोटर बसवलेली मशीन घराघरांत दिसते. सरकारी योजनांतूनही मशीन मिळते. पण मशीन शिवण घालते, ती कुठे घालायची हे ती सांगत नाही. ते कागदावर आधी ठरलेले असावे लागते, आणि मशीनबरोबर फर्मा काढण्याची विद्या तितक्याच अगत्याने दिली गेली तर शिवणारीची मजुरीही वाढेल आणि घालणारीचा संकोचही उतरेल.

फर्मा कुणाजवळ असावा, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. बहुतेक दुकानांत मापे एका वहीत असतात, आकड्यांशेजारी ओळखीसाठी कापडाची चिंधी टाचलेली असते, आणि दुकान बंद पडले की वहीबरोबर ती मापेही जातात. खरे तर तो कागद जिच्या अंगाचा आहे तिच्या घरी, नाव आणि तारीख घालून, कपाटात असायला हवा; तो घेऊन ती उदगीरला शिवो, नांदेडला शिवो की स्वतः शिवो. त्याच कागदावरून कंबर खाली वाढवून कुर्ता निघतो, बाही बदलून टॉप निघतो, टक फिरवून कटोरी निघते. तारीख आवश्यक, कारण अंग थांबत नाही.

मराठी कारागिरांनी या न थांबण्याची सोय कापडातच करून ठेवली आहे आणि तिला त्यांनी माया असे नाव दिले आहे. शिवणीच्या आत राखून ठेवलेले जास्तीचे कापड म्हणजे माया. बगलेत ती दीड इंच सोडतात आणि तिच्यात एकाबाहेर एक, अर्ध्या-अर्ध्या इंचावर, दोन-तीन शिलाया मारतात. लग्नातला ब्लाऊज पहिल्या शिलाईवर बसतो. पुढे अंग भरले की ती आतली शिलाई ब्लेडने हलकेच उसवायची, दुसरी आधीपासून तयार असते. उसवलेल्या रेषेत सुईची बारीक छिद्रे राहतात, एक-दोन धुण्यांत बुजतात. आणि त्या रेषेपलीकडे, इतकी वर्षे उन्हाला न भेटलेल्या अर्ध्या इंचाच्या पट्टीत, कापडाचा पहिला रंग तसाच असतो.